वयात येणाऱ्या मुलाची छाती वाढते तेव्हा

पुरुषाच्या छातीतही थोडी स्तनग्रंथी असते. शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या मानाने इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा जोर वाढला की ती फुगते. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. तान्ह्या बाळात, वयात येताना आणि पन्नाशीनंतर ही वाढ जास्त दिसते. वयात येणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना ती कमीअधिक होते आणि बहुतेकांची 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप जिरते.

सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्यासारख्या गावात मात्र हा काळ मुलाला फार जड जातो. विहिरीत पोहायला किंवा तालमीत उतरायचे तर सदरा काढावाच लागतो. मग पोरगा पोहणे सोडतो, खांदे पुढे झुकवून चालतो आणि घरी चकार शब्द काढत नाही. आई-वडिलांनी हे ओळखावे आणि चिडवणाऱ्यांना वेळीच आवरावे.

चरबी की ग्रंथी, हे डॉक्टरांना बहुधा हातानेच कळते. मुलाला उताणे झोपवून चिमटीत धरले, तर ग्रंथी स्तनाग्राखाली घट्ट, किंचित दुखऱ्या चकतीसारखी लागते. चरबी मऊ असते आणि वजन उतरले की कमी होते.

मोठ्या माणसात कारण शोधावेच लागते. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, किटोकोनॅझोल अशी औषधे, दारूने बिघडलेले यकृत, निकामी मूत्रपिंड, थायरॉइडचे वाढलेले काम, क्वचित वृषणातील गाठ. पिळदार अंगासाठी टोचून घेतलेली स्टेरॉइड तर दुहेरी घात करतात. त्यांतल्या बऱ्याच स्टेरॉइडचे शरीरात इस्ट्रोजेन बनते आणि वृषणाचे स्वतःचे काम मंदावते. औषधाचा संशय आला तरी ते परस्पर बंद करू नये, डॉक्टर पर्यायी औषध देऊ शकतात.

नव्या, दुखऱ्या वाढीत टॅमॉक्सिफेनच्या गोळ्यांचा उपयोग होतो. वर्ष उलटले की ग्रंथी तंतुमय होते आणि गोळ्यांना फारशी दाद देत नाही. तेव्हा शस्त्रक्रिया उरते: चरबी लायपोसक्शनने ओढून घेतात, ग्रंथी स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला छेद देऊन काढतात. नंतर काही आठवडे छातीवर घट्ट पट्टा वापरावा लागतो. वाढत्या वयात मात्र शस्त्रक्रियेची घाई नको. जाहिरातीतल्या मलमांवर पैसे घालवू नयेत, त्यांनी ग्रंथी जिरत नाही.

एकाच बाजूला कडक गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा आत ओढलेली कातडी दिसली, तर गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन अकलूज किंवा सोलापूरच्या सर्जनना लगेच दाखवावे. हा कर्करोग असू शकतो: स्तनाच्या कर्करोगाच्या दर 100 रुग्णांत सुमारे एक पुरुष असतो.