काजवे, अंधारी आणि दिव्याभोवतीची कडी

चौकटीवर कपाळ आपटले की आपण म्हणतो, "डोळ्यांपुढे काजवे चमकले." दारात बोट चेमटून कळ मस्तकात गेली की म्हणतो, "अंधारी आली." वाक्प्रचार शिकवणे हा माझा व्यवसाय; पण भाषेने हे दोन शब्द निरनिराळे का राखले, याचे उत्तर मला वैद्यकाच्या पुस्तकांत सापडले.

काजवे हे धक्क्याचे. डोक्याला हिसका बसला की डोळ्यातला पडदा किंवा मेंदूचा मागचा, पाहण्याचे काम करणारा भाग चाळवतो. त्याला प्रकाशाखेरीज दुसरी भाषा येत नाही. म्हणून उजेड नसतानाही ठिणग्या दिसतात.

अंधारी वेदनेची. कळ असह्य झाली की काहींच्या हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब एकदम उतरतो. डोळ्याच्या आत मुळातच दाब असतो. त्याला न जुमानता रक्ताला आत शिरावे लागते. साहजिकच शुद्धीआधी नजर जाते. अशा माणसाला बसवून चहा पाजू नये. आडवे निजवून पाय उंच करावेत. बहुधा थोड्याच वेळात दिसू लागते.

अर्धशिशीचा मामला उलटा. तिथे काहींची नजर आधी बिघडते, डोके मागाहून ठणकते. तटबंदीसारखी नागमोडी, चमकती रेषा हळूहळू पसरत जाते. कार्ल लॅशली या शास्त्रज्ञाने १९४१ साली स्वतःच्याच नजरेतल्या या रेषेवरून हिशेब मांडला, की मेंदूवर ही लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर सरकत असावी.

या साऱ्यांना आपल्याकडे शब्द आहेत. एका वेदनेला मात्र वाक्प्रचार नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. काचबिंदूच्या तीव्र झटक्यात डोळ्यातल्या पाण्याची वाट तुंबते, दाब चढतो, बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो. डोळा लाल होऊन ठणकतो, धूसर दिसते, उलट्याही होतात. आमच्या नात्यातल्या एक मावशी पित्त समजून दोन दिवस आवळकाठी चघळत राहिल्या. त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर परत आली नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या पणत्या पाहताना घरातले कोणी म्हणाले, "डोळा फार ठणकतोय, ज्योतीभोवती रंगीत कडी दिसताहेत," तर फराळाचे ताट बाजूला सारा आणि त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांचे दार ठोठवा.