घराचें छप्पर आणि उकाडा

देशावरील उन्हाळा व कोंकणपट्टींतील उन्हाळा यांत मोठा भेद आहे. नागपुराकडे हवा कोरडी असल्यामुळें वाळ्याचा पडदा भिजवून लावला असतां घर थंड होतें. पनवेल, उरण, बेलापूर या खाडीकांठच्या मुलखांत हवेंत आधींच ओल भरलेली असते. तेथें पाणी शिंपडून उपयोग होत नाहीं, घाम वाळत नाहीं व रात्रहि निवत नाहीं. समुद्रकांठचें ऊन सौम्य, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. ता. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावर भरलेल्या समारंभांत उन्हाच्या तडाख्यानें १४ माणसें प्राणास मुकलीं, हें सर्वांस विदित आहे. मैदानांतील मनुष्य सावलीस जाऊं शकतो. परंतु घरच तापलें तर म्हाताऱ्यांनीं व तान्ह्या मुलांनीं जावें कोठें?

उष्ण हवा हलकी होऊन वर चढते, हें चुलीच्या धुरावरून कोणासहि समजेल. वर वाट मिळाली म्हणजे ती निघून जाते व तिच्या जागीं खालून ताजी हवा येते. वाट न मिळाल्यास ती आढ्याखालीं कोंडते. विजेचा पंखा अंगास वारा देतो खरा; पण ही कोंडलेली उष्णता बाहेर काढीत नाहीं. यांत जमाखर्चाचाच न्याय आहे: खालीं जितकी जमा, तितकाच वर खर्च. एक वाट बंद केल्यास दुसरी व्यर्थ होय. दोहोंमधील उंची जितकी अधिक, तितका हवेचा ओढा अधिक.

जुन्या कौलारू घरांत ही सोय आपोआप होत असे. कौलांच्या सांध्यांतून व वळचणीच्या फटींतून हवा सदोदित खेळे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसविण्यासाठीं जमिनी संपादन झाल्या, शेतें गेलीं व गांवठाणें उरलीं. तेथें कौलें जाऊन स्लॅब व पत्रे आले. घर पक्कें झालें, पण आढ्याची वाट बुजली. याच शहरांत, बेलापूर येथें, चार्ल्स कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत उतरत्या कौलारू छपरांचीं व अंगणांचीं घरें योजिलीं होतीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां उपाय सांगतों. पत्र्याच्या घरांत पत्र्याखालीं निदान वीतभर पोकळी सोडून तक्तपोशी करावी, व त्या पोकळीस वळचणीशीं आणि आढ्याशीं तोंडें ठेवावीं. अमेरिकेंतील घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या दर १५० चौरस फुटांस १ चौरस फूट मोकळी वाट, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्या हिशेबानें १५ फूट रुंद व २० फूट लांब खोलीस २ चौरस फूट होतात. पैकीं निम्मी वाट खालीं व निम्मी वर असावी. जाळी बसविल्यास वाट कमी होते, म्हणून तोंड थोडें मोठें धरावें. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो; सबब वरचें तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस ठेवून त्यावर छपरी काढावी.

स्लॅब दिवसा ऊन पितो व रात्रीं तें घरांत सोडतो. त्यावर रीतसर परवानगीनें पत्र्याची सावली केल्यास तिच्या बाजू उघड्याच ठेवाव्या. त्या बंद केल्यास वर दुसरी भट्टी तयार होते. सावली करणें न परवडल्यास गच्चीस दरसाल पांढरा चुना द्यावा.

नवें घर बांधणाऱ्या बंधूंस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, गवंड्यास इसार देण्यापूर्वीं, उष्ण हवा कोठून बाहेर जाणार, हें त्याजकडून नकाशावर दाखवून घ्यावें.