ऊसतोडीची हलकी गाडी: घेण्यापूर्वी रिकामी हाकून पाहा

परदेशात मोटारीमागे चाकांचे छोटेसे घर जोडायचे आणि नवरा-बायकोने चार दिवस कुठेतरी रानात, नदीकाठी मुक्काम करायचा, अशी हौस बऱ्याच लोकांना असते. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांसाठी कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशी नवी गाडी बाजारात आली की जाणकार मंडळी तिची कसून परीक्षा घेतात. रिकामी किती वजनाची आहे, जोडणीवर किती भार येतो, उतारावर कशी वागते, दोन माणसांना धड झोपता येते की नाही, असे त्यांचे प्रश्न असतात.

हे प्रश्न वाचून मला आपल्या चाळीसगाव, पारोळा, साक्रीकडची जोडपी आठवली. दिवाळी आटोपली की भांडीकुंडी, पीठमीठ आणि लेकरे घेऊन ती ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हा कोयता पाच-सहा महिने मुक्कामच करतो, फक्त हौसेने करीत नाही. आजकाल बरीच बिऱ्हाडे ट्रकमधून जातात हे खरे. पण जे बैलगाडीने ऊस ओढतात, त्यांचे सारे त्या गाडीवरच असते. तेव्हा परीक्षा घ्यायचीच, तर आपल्या गाडीची घेऊ या.

गावोगावच्या वर्कशॉपमध्ये आता लोखंडी पाईपच्या हलक्या टायरगाड्या तयार होतात. सागवानी आखाची, धाव चढवलेल्या चाकांची जुनी गाडी ऊसतोडीतून जवळजवळ गेलीच. गाडी सुधारावी, बैलाचा त्रास कमी करावा हा विचार काही आजचा नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या काळात हाच विषय देशभर लावून धरला होता. इतका मोठा व्यवस्थापनतज्ज्ञ बैलगाडीकडे वळला, याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले. अलीकडे २०२२ साली सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाची जोड तयार केली. दोन बैलांच्या मधे, धुरेखाली एक तिसरे चाक बसवायचे, म्हणजे मानेवरचा भार ते चाक घेते. वर्तमानपत्रांतून तिचे फोटो आपण पाहिले असतील.

गाडी विकणारा तुम्हाला एकच गोष्ट सांगेल, की ही गाडी हलकी आहे, तेव्हा जास्त ऊस नेते. त्यातले पहिले वाक्य ऐका, दुसरे ऐकू नका. का, ते हिशेबाने सांगतो.

बैल दिवसभर न थकता आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी ओढ देतो, हा जुना ठोकताळा आहे. ४०० किलोचे दोन बैल धरले तर जोडीची ओढ ८० किलो झाली. आता ४०० किलोची गाडी आणि त्यावर २ टन ऊस, म्हणजे एकूण २,४०० किलो. चांगल्या डांबरी, सपाट रस्त्यावर हवा भरलेल्या टायरच्या गाडीला वजनाच्या शेकडा ३ एवढी ओढ लागते असे ढोबळ धरू. ती झाली ७२ किलो. जोडीला हे पेलते. पण तीच गाडी उसाच्या मऊ फडात उभी आहे, तिथे शेकडा १२ तरी लागतील. म्हणजे २८८ किलो, जोडीच्या ऐपतीच्या साडेतीनपटीहून अधिक! फडातून गाडी निघताना बैल गुडघ्यावर येतात आणि मागून चार माणसे चाकाला हात लावतात, ते यामुळे.

आता गाडी १०० किलोने हलकी केली. भरल्या गाडीला रस्त्यावर किती फायदा झाला? फक्त ३ किलो ओढ वाचली. फडात १२ किलो वाचली. आणि हलकी आहे म्हणून वर १०० किलो ऊस जास्त टाकला, तर तेवढीही वाचली नाही. हलकेपणाचा खरा लाभ रिकाम्या गाडीला आहे. कारखान्यावरून परतताना, गावाकडून निघताना आणि गावाकडे येताना ४०० च्या जागी ३०० किलो म्हणजे चौथाई ओझे उतरले. बैलाला दमही तेव्हाच खाता येतो. म्हणून माझे म्हणणे असे, की हलकी गाडी जरूर घ्या, पण वाचलेले वजन बैलाला द्या. ते पुन्हा उसाने भरून काढायचे असेल तर जुनीच गाडी बरी, तिचे पैसे तरी फिटलेले आहेत.

टनावर मजुरी मिळते आणि डोक्यावर उचल असते, मग कोण कमी भरणार, असे तुम्ही म्हणाल. ते मला कळते. पण जोडी आज लाखाच्या घरात गेली आहे. पौषात एका बैलाला खांदेसूज आली की आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहते, आणि उचल मात्र उभी राहत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण ज्या खांद्यांना लोणी-हळद चोळतो, त्यांचाच हा प्रश्न आहे.

खांद्यावर किती भार येतो हे बहुतेकजण मोजतच नाहीत. समजा आखापासून जुवापर्यंत ३ मीटर अंतर आहे आणि भरलेल्या २,४०० किलोचा तोल आखाच्या पुढे फक्त १५ सेंटिमीटर गेला आहे. तर जुवावर १२० किलो बसतात, एकेका मानेवर ६०. मोळ्या जरा पुढे सरकवून रचल्या एवढ्यानेच हे घडते. उलट मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जुपणी बैलाच्या गळ्याला काचते. यावर एक सोपी परीक्षा आहे. सपाट जागी चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी भरा, बैल सोडा आणि जुवाजवळ धुरा हातांनी उचला. एका माणसाला ती उचलता यावी आणि हात सैल केला की सावकाश खाली बसावी. दोघे लागत असतील तर ऊस मागे सरकवा. आपोआप वर जात असेल तर पुढे घ्या. या परीक्षेला पैसा लागत नाही. पहिल्या चार खेपा करून पाहा, पुढे डोळ्याला सवय होते.

तिसऱ्या चाकाबद्दल मला बरेच शेतकरी विचारतात. डांबरी रस्त्यावर, गाड्यांच्या रांगेत तास न् तास उभे राहताना त्याचा उपयोग आहे, यात शंका नाही. मानेवरचे ओझे जमिनीवर जाते. पण फडात सरी-वरंब्यावर ते छोटे चाक खाली बसते आणि ओढ वाढवते. गाडी वळवताना आतल्या बैलाच्या पायाला लागते का तेही पाहा. म्हणून जे चाक उंचीला खाली-वर करता येते आणि फडात पूर्ण उचलून बांधता येते, तेच घ्यावे. कायमचे डाग लावून बसवलेले घेऊ नये. आणि चाक आहे म्हणून पुढे जास्त भरू नये. चाक मोडले, तर ते सारे ओझे एकदम मानेवर येईल.

टायर आणि बेअरिंगचे थोडक्यात सांगतो. चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरवा, खरखर न करता बराच वेळ फिरले पाहिजे. धरून हलवले तर खडखडता कामा नये. ट्रकचा उतरलेला टायर स्वस्त पडतो, पण जड असतो आणि त्याचा भरवसा नाही. हवा कमी असेल तर रस्त्यावर ओढ वाढते. पंप आणि पंक्चरचे सामान पेटीत हवेच, बाभळीचा काटा सगळीकडे आहे.

उताराचा विचार मात्र सावकाश करा. चाळीसगावहून कन्नडचा घाट ज्यांनी बैलगाडीने पाहिला असेल, त्यांना सांगायला नको. चढताना बैल थकतो, पण उतरताना मरतो. टायरगाडी सहज पळते, तीच उतारावर तिची खोड आहे. जुनी गाडी स्वतःच अडखळत उतरायची, ही मागून ढकलत येते, आणि सारे ओझे जू आणि मान यांनी अडवायचे असते. म्हणून ब्रेक नसलेली हलकी गाडी घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो. ब्रेक दोन्ही चाकांना सारखा लागला पाहिजे आणि हाकणाऱ्याला बसल्या जागेवरून लावता आला पाहिजे. भरली गाडी लहान उतारावर न्या, ब्रेक दाबा आणि बैलांकडे पाहा. त्यांचे जू शिंगांकडे सरकत असेल तर ब्रेक अपुरा आहे.

कायदाही आपल्याच बाजूने आहे, फार थोड्यांना तो माहीत असतो. ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. त्यांत बैलाच्या आकाराप्रमाणे ओझ्याची मर्यादा दिली आहे. मध्यम बैलाला दुचाकी टायरगाडीसाठी १,०५० किलो आणि बिनटायरच्या गाडीसाठी ७०० किलो, अशी ती आहे. एक किलोमीटर किंवा अधिक लांबीची चढण असेल आणि ती ३० मीटरला ३ मीटरपेक्षा खडी असेल, तर मर्यादा निम्मी होते. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. फाल्गुन-चैत्रात हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा ठरतो.

आता ताईंना थोडे सांगतो. गाडी पाहायला मालकांना एकटे पाठवू नका, तुम्ही बरोबर जा. मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत तुम्हालाच जायचे आहे. साटी जमिनीपासून किती उंच आहे, फळी किती खडी लागते, हे उभे राहून पाहा. साटी वीतभर खाली असली तर हंगामात हजारो वेळा तेवढी चढण वाचते. पोटुशी बाई असेल तर हे सगळ्यात आधी पाहा. मग आत आडवे होऊन पाहा. कोपी उभी राहीपर्यंतच्या रात्री त्यातच काढायच्या असतात. दोघे आणि एक लेकरू पाय लांब करून झोपू शकतील एवढी साटी हवी, कमानी काढता-घालता याव्यात आणि ताडपत्रीला बाजूचे पडदे असावेत. गाडी पुढे आणि मागे दोन्हीकडे टेकण लावून सपाट उभी राहिली पाहिजे, नाहीतर रात्री कुशीवर वळले की गाडी उलाळते. हलक्या गाडीला बैल बांधून ठेवू नका, बुजले तर गाडी ओढून नेतील. त्यांना वेगळा खुंटा ठोका. आणि गाडीखाली लेकराला झोपवू नका, सावली कितीही गार असली तरी.

बैलांवरून आठवले. फडावर वाढे फुकट मिळतात म्हणून नुसत्या वाढ्यांवर जोडी ठेवली जाते. त्यांत ऑक्झलेट असते, ते अंगातला चुना बांधून टाकते. कडबा मिसळावा आणि पशुवैद्यकांना विचारून क्षारमिश्रण द्यावे. हलकी गाडी घेऊन बैल कमजोर ठेवला तर काय मिळवले?

पैसे देण्यापूर्वी मुकादमाकडून तीन गोष्टी लिहून घ्या. गाडी कोणाच्या नावावर राहणार, भाडे कापायचे असेल तर दर काय, आणि टायर फुटला तर खर्च कोणाचा. कारखान्याच्या वजनकाट्यावर रिकामी गाडी तोलली जातेच. ती पहिली पावती जपून ठेवा, विकणाऱ्याने सांगितलेले वजन खरे होते की नाही ते तिथे कळेल.

रात्रीसाठी गाडीच्या मागे चमकणारी पट्टी अनेकजण लावतात, पण ऊस भरला की शेंडे लोंबून ती झाकली जाते आणि मागच्या ट्रकला काहीच दिसत नाही. म्हणून पट्टी एका फळीवर चिकटवा, फळीला दोरी लावा आणि भरून झाल्यावर ती उसाच्या बाहेरून, ट्रकच्या दिव्याच्या उंचीवर टांगा. दुसरी फळी धुरेला पुढे बांधा, समोरून येणाऱ्यासाठी.