आरसी टूरिंग कारसाठी बॅटरी घेताय? स्टिकरवरचे मोठे आकडे आधी बाजूला ठेवा

तुमच्या हातातल्या मोबाइलची बॅटरी बहुतेक 5000 एमएएचच्या आसपास असेल. सकाळी चार्ज केली की रात्रीपर्यंत पुरते. माझ्या 1/10 स्केलच्या रिमोटवाल्या टूरिंग कारमध्येही 5000 एमएएचचाच पॅक आहे, पण 5 मिनिटांच्या एका रेसमध्ये त्यातले साधारण 2000 एमएएच उडतात. हिशोब करून बघा. मोबाइल दिवसभरात सरासरी 0.2 अँपिअर घेतो आणि गाडी 24. वळणातून बाहेर पडताना ट्रिगर पूर्ण दाबला, तर काही क्षण 50 च्याही वर जातं. म्हणजे स्टिकरवर आकडा तोच, पण काम शंभरपट जड.

अजून एक फरक आहे आणि तो मला महागात पडला. मोबाइलच्या बॅटरीला एक छोटं प्रोटेक्शन सर्किट असतं. बॅटरी फार उतरली, फार भरली किंवा शॉर्ट झाली तर ते करंट तोडतं. आरसीच्या नेहमीच्या लिपो पॅकमध्ये असं काही नसतं. दोन सेल, दोन जाड वायरी, एक पांढरा बॅलन्स कनेक्टर, संपलं. राखण तुम्हीच करायची.

मी गाडी सेकंडहँड घेतली आणि पॅक नवाकोरा, साडेतीन हजारांचा. चिकलठाणा एमआयडीसीत एका ओळखीच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये परवानगी काढून आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी गाड्या पळवतो. त्या दिवशी गाडी मंदावली तसा मी थांबवायला गेलो, तर मित्र म्हणाला, "अरे, अजून दोन लॅप मार ना!" मारल्या. मीटर लावला तर 5.1 व्होल्ट! दोन सेलचा पॅक पूर्ण भरला की 8.4 असतो आणि 6 च्या खाली कधीच जाऊ द्यायचा नसतो. संध्याकाळपर्यंत पॅकची प्लास्टिकची केस पुरीसारखी फुगली. गाडीच्या आधीच्या मालकाने जुन्या निकेलच्या बॅटरीसाठी ईएससीमधला लो-व्होल्टेज कट-ऑफ बंद ठेवला होता आणि मी तो बघितलाच नव्हता. रोज कोडमध्ये इफ-एल्स लिहिणारा माणूस मी.

तोच मित्र पुढे म्हणाला, "चार्जर निकेल मोडवर टाकून दोन मिनिटं लाव, उठेल तो." हा जुगाड बरेच जण करतात. पण इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतून बिघाड सुरू झालेला असतो आणि पुन्हा चार्ज करताना तो पेटू शकतो. आमचा फ्लॅट सिडकोत तिसऱ्या मजल्यावर, शेजारच्या खोलीत आई झोपलेली. साडेतीन हजार गेले म्हटलं आणि पॅक बाजूला ठेवला.

नवा पॅक घेताना मात्र नीट अभ्यास केला.

पहिला सापळा म्हणजे सी रेटिंग. 5000 एमएएच आणि 100सी याचा अर्थ 5 गुणिले 100, म्हणजे 500 अँपिअर सतत. आता पॅकच्या वायरीकडे बघा. बोटापेक्षा बारीक त्या वायरीतून 500 अँपिअर सतत सोडले, तर बॅटरीच्या आधी वायर आणि प्लगच वितळतील. हा आकडा कंपनी स्वतःच छापते. दोन ब्रँडचे सी रेटिंग शेजारी ठेवून निर्णय घेण्यात काही अर्थ नाही.

बघायचा तो इंटर्नल रेझिस्टन्स, शाळेतला अंतर्गत रोध. मोबाइल जुना झाला की 15 टक्के दाखवतानाच कॅमेरा उघडला की बंद पडतो ना? तिथे हाच प्रकार असतो. करंट वाढला की सेल आतल्या आत व्होल्टेज खातो. आमच्या ग्रुपमधल्या चांगल्या पॅकचा एकूण रोध 4 मिलिओहम आला, एका स्वस्त पॅकचा 20. ओहमचा नियम लावा. 50 अँपिअरला पहिला पॅक 0.2 व्होल्ट गमावतो, दुसरा अख्खा 1 व्होल्ट. सरळ रस्त्यावर गाडी मागे पडते ती इथे. शिवाय ती वाया गेलेली ऊर्जा उष्णता होते: पहिल्यात 10 वॅट, दुसऱ्यात 50. म्हणजे प्लास्टिकच्या बंद डबीत 25 वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न!

बरेचसे बॅलन्स चार्जर प्रत्येक सेलचा रोध दाखवतात. पॅक नवीन असतानाच मोजून वहीत लिहा, शक्यतो दर वेळी सारख्याच तापमानाला, कारण सेल गरम असला की आकडा कमी येतो. एका सेलचा रोध दुसऱ्यापेक्षा झपाट्याने वाढत असेल, तर तो पॅक निवृत्त करा.

मग एमएएच किती? 5 मिनिटांना 2000 लागतात, तर 6000 कशाला, असं वाटेल. मोठ्या पॅकचा रोध सहसा कमी असतो आणि रेस संपेपर्यंत त्याचं व्होल्टेज वरच राहतं. पण तो जडही असतो. फुल साइज पॅक साधारण 300 ग्रॅम, आखूड म्हणजे शॉर्टी पॅक 200 च्या आसपास. बहुतेक टूरिंग कारमध्ये बॅटरी एका बाजूला आणि मोटर दुसऱ्या बाजूला असते, त्यामुळे पॅक बदलला की गाडीचा तोलही बदलतो. माझं मत, पहिला पॅक 5000 चा फुल साइज, हार्डकेस, 2 सेलचा घ्या. धडक बसली तर मऊ पॅकला चेसिसची कड लागू शकते, म्हणून हार्डकेस. ऑर्डर करण्याआधी ट्रेची लांबी-रुंदी-उंची पट्टीने मोजा. 2 मिलिमीटर उंच पॅकही वरच्या स्ट्रॅपखाली बसत नाही. रेसमध्ये उतरणार असाल, तर आयोजकांना कुठले पॅक चालतात ते विचारा.

हाय-व्होल्टेज पॅक घेताना जास्त सांभाळा. त्यातला सेल 4.35 व्होल्टपर्यंत भरतो, साधा 4.2 पर्यंतच. चार्जर चुकून हाय-व्होल्टेज मोडवर ठेवून साधा पॅक लावला, तर तो धोका तुम्ही स्वतः ओढवून घेतला. चार्जिंग 1सी ने, म्हणजे 5000 ला 5 अँपिअर. गादीवर नाही, फरशीवर. आणि समोर बसून.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या पुढे जातो, हे परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही. पूर्ण भरलेला पॅक स्कूटीच्या डिकीत दुपारभर राहिला, तर तो लवकर म्हातारा होतो. दोन-तीन दिवस चालवणार नसाल, तर चार्जरच्या स्टोरेज मोडवर टाकून 7.6 व्होल्टच्या आसपास आणून ठेवा, घरातल्या गार कोपऱ्यात.

तो फुगलेला पॅक आठवडाभर आमच्या गच्चीवर वाळूच्या पत्र्याच्या डब्यात होता. नंतर टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे दिला. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना तो फुटून पेटू शकतो.