रंगीत ठिपक्यांची परीक्षा
(गुणसूत्रांची गोष्ट : भाग ७)

फिश चाचणीत चमकणारे प्रोब गुणसूत्रावरचा नेमका तुकडा कसा शोधतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण प्रोबची नवी कुपी आली म्हणून ती लगेच रुग्णाच्या नमुन्यावर वापरता येत नाही. आधी परीक्षा होते ती प्रोबचीच.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं उदाहरण घेऊ. या कर्करोगातलं आखूड ‘फिलाडेल्फिया’ गुणसूत्र १९६० मध्ये सापडलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांमधल्या अदलाबदलीतून ते तयार होतं, हे जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. एका जनुकाला लाल प्रोब, दुसऱ्याला हिरवा; दोन्ही जुळले की ठिपका पिवळा दिसतो.

पहिला प्रश्न सरळ आहे : प्रोब योग्य जागीच बसतो ना? त्यासाठी विभाजनाच्या मध्यावर थांबवलेल्या पेशी घेतात, कारण तेव्हा गुणसूत्रं सुटी ओळखता येतात. नमुने शक्यतो पुरुषांचे. म्हणजे वाय गुणसूत्रावर भलताच ठिपका उमटतो का, तेही कळतं.

खरी कसोटी पुढे आहे. केंद्रक असतं गोल आणि आपण बघतो वरून. वर-खाली टांगलेले दोन आकाशकंदील रस्त्यावरून एकात एक गेलेले दिसावेत, तसे एकमेकांपासून लांब असलेले लाल-हिरवे ठिपकेही पिवळे भासतात. एकाच पिवळ्या ठिपक्यावर निदान करणाऱ्या जुन्या प्रोबमध्ये त्यामुळे निरोगी माणसाचीही काही केंद्रकं ‘रोगी’ ठरत. आताच्या प्रोबमध्ये एक लाल, एक हिरवा आणि दोन पिवळे अशी खूण लागते. दोन्ही पिवळे निव्वळ योगायोगाने दिसणं फार विरळ.

विरळ, पण अशक्य नाही. म्हणून लॅबने निरोगी नमुन्यांचा गठ्ठा घ्यायचा, दोन तंत्रज्ञांनी स्वतंत्रपणे मोजायचं आणि खोट्या ठिपक्यांची वरची मर्यादा ठरवायची. २०० केंद्रकांत एकही खोटं सापडलं नाही, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण दीड टक्क्याच्या आत आहे. ५०० मोजली तर ०.६ टक्क्याच्या. शून्य सापडलं म्हणजे शून्यच आहे, असं गणित मानत नाही.

हे मोजणं कंटाळवाणं असतं, म्हणून दुसऱ्या लॅबची किंवा कंपनीच्या माहितीपत्रकातली मर्यादा उचलण्याचा मोह होतो. माझ्या मते ही पळवाट आहे. स्लाइड बनवण्याची पद्धत, सूक्ष्मदर्शकाचे फिल्टर, मोजणाऱ्याची नजर, सगळं जागोजागी बदलतं. नमुन्याचा प्रकार बदलला तरी आकडा बदलतो : मेणात बसवलेल्या गाठीचा काप घेताना केंद्रकंही कापली जातात आणि ठिपके हरवतात. तिथे रक्तावरून काढलेली मर्यादा चालत नाही.

घरात कुणाचा फिश रिपोर्ट आला, तर टक्केवारीशेजारी किती केंद्रकं मोजली आणि लॅबची मर्यादा काय, हे छापलंय का ते बघा. नसेल तर डॉक्टरांना बेलाशक विचारा.