सात पिढ्या फादरांविना

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकून मारण्यात आले. त्यांतले एक आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, गासला चर्च आहे. तरीही कुणी नवखा माणूस ‘हे फादर कधी जपानला गेले?’ असे विचारतोच. ते फादर नव्हते. आधी धर्मशिक्षक, मग व्यापारी आणि शेवटी मनिलाच्या फ्रान्सिस्कन संघातले साधे ब्रदर. जपानी उत्तम येत असल्यामुळे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे दुभाष्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या २६ जणांत दीक्षा झालेले धर्मगुरू तिघेच होते. १७ जण जपानी प्रापंचिक. त्यांत धनुष्ये बनवणारा मिगेल कोझाकी, त्याचा १४ वर्षांचा मुलगा तोमास आणि १२ वर्षांचा लुईस इबाराकी.

पुढच्या पावणेतीनशे वर्षांत जपानात जे घडले, त्याची चुणूक या आकड्यांतच दिसते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे तीन लाख ख्रिस्ती असावेत. १६१४मध्ये देशभर बंदी आली, परदेशी धर्मगुरूंना बाहेर काढले गेले. लपून राहिलेले एकेक करून सापडत गेले. शेवटचे जपानी धर्मगुरू कोनिशी मान्सिओ १६४४मध्ये मारले गेले आणि देशात मिस्सा करणारा, कुमसार ऐकणारा कुणी उरला नाही.

तरीही उराकामी या नागासाकीलगतच्या शेतकरी गावात धर्म टिकला. तिथली व्यवस्था बघण्यासारखी आहे. सगळ्या गावासाठी एक चोकाता, म्हणजे दिनदर्शिका सांभाळणारा. रविवार कधी, उपवासकाळ कधी, नाताळ कधी हे तो काढून देई. त्याच्याकडे १६३४ सालावर बेतलेली, बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाची म्हणून ओळखली जाणारी दिनदर्शिका होती. दर वस्तीत एक मिझुकाता, पाणी घालून बाप्तिस्मा देणारा. त्याच्या हाताखाली किकियाकू, म्हणजे घरोघर जाऊन ‘अमुक दिवशी अमुक सण’ हा निरोप पोचवणारा. तिघेही शेतात राबणारे, कुणाला वेगळा पोशाख नाही, पगार नाही. चोकाताचे पद उराकामीत सात पिढ्या चालले. सातवा, किचिझो, १८५६च्या धरपकडीत सापडला आणि तुरुंगातच मेला.

बाहेरून हे लोक बौद्धच दिसत. प्रत्येक कुटुंबाला मंदिरात नाव नोंदवावे लागे आणि मृत्यू झाला की भिक्षू येऊन सूत्रपठण करी. त्याच वेळी शेजारच्या खोलीत घरातले लोक हळू आवाजात ‘ओराशो’ म्हणत, म्हणजे आपल्या प्रार्थना, भिक्षूच्या मंत्रांचा परिणाम पुसून टाकण्यासाठी. ठरावीक काळाने येशू-मरियेच्या चित्रावर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावे लागे. पाय ठेवून घरी आल्यावर पश्चात्तापाची प्रार्थना. तिच्यासाठी १६०३ साली नागासाकीत छापलेली ‘कोन्चिरिसान नो रियाकु’ ही छोटी पुस्तिका होती. कुमसार ऐकायला धर्मगुरू नसला तर मनापासून केलेला पश्चात्ताप पुरतो, असे तिचे सांगणे. हाताने नकला होत होत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. बंदीच्या अकरा वर्षे आधी ती छापणाऱ्यांना येणारे दिवस दिसत होते की काय, कोण जाणे.

इथे एक गंमत आहे. सगळे विश्वासणारे मिळून याजकगण आहेत, हे पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. १५२०मध्ये मार्टिन लूथरने तेच शस्त्रासारखे उगारले आणि त्यानंतर कॅथलिक प्रवचनांत हा विषय जपूनच निघू लागला. उराकामीच्या शेतकऱ्यांना लूथर ठाऊक असण्याचे कारण नाही. रोमशी आपली नाळ तुटलेली नाही, याच समजुतीत ते जगत होते, आणि तरी लूथरच्या कुठल्याही गावापेक्षा जास्त काळ त्यांनी धर्मगुरूविना मंडळी चालवली.

१८६५च्या फेब्रुवारीत नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंच मिशनऱ्यांनी परदेशी रहिवाशांसाठी चर्च उघडले. ते अर्पण केले होते निशिझाकाच्या २६ हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही. १७ मार्चला उराकामीचे काही जण तिथे आले. त्यांतल्या एका बाईने फादर बेर्नार पेतिजाँ यांना हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे मन एकच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. पुढे दुसऱ्या गावचा पेद्रो नावाचा बाप्तिस्मा देणारा आला. त्याने रोमच्या गुरूची चौकशी केली आणि फादरांना मुलेबाळे आहेत का, हेही विचारले. हा भोळेपणा नव्हता. फादर खरे की खोटे हे तो पारखून घेत होता, आणि त्याचा तो अधिकार होता.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. या लोकांनी मिस्सा करायचा प्रयत्न केला नाही. गरज पडल्यास बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, हे चर्चने शिकवले होते, तेवढे त्यांनी केले. बाकीच्यासाठी वाट पाहिली. सात पिढ्यांनंतर कुमसार ऐकणारे काळ्या जहाजांतून येतील, हे बास्तियानचे भाकीत त्यांच्यात चालत आले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४च्या नोव्हेंबरात चर्चविषयक दस्तऐवजात प्रापंचिकांचे याजकत्व आणि दीक्षितांचे याजकत्व यांतला संबंध आणि फरक मांडला. आपल्याकडे त्यावर शिबिरे झाली, व्याख्याने झाली. उराकामीचा मिझुकाता ते शंभर वर्षे आधी जगून मोकळा झाला होता.

१८६७मध्ये उराकामीकरांनी भिक्षूला न बोलावता आपले मृत पुरायला सुरुवात केली आणि सरकारचा संयम सुटला. १८६८पासून तीन हजारांहून अधिक लोकांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले गेले, त्यांतले सहाशेहून अधिक परतले नाहीत. १८७३मध्ये बंदी उठली. दरम्यान पेतिजाँनी प्रार्थनेची पुस्तके छापायला घेतली. त्यांना चिनीवरून घडवलेले नवे धर्मशब्द उपलब्ध होते. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि शेतकऱ्यांच्या तोंडचे, पोर्तुगीज-लॅटिनचे अवशेष असलेले जुनेच शब्द घेतले. ‘कोन्चिरिसान’ची पुस्तिकाही हस्तलिखितावरून १८६९ साली पुन्हा छापली. धर्मगुरू प्रापंचिकांकडून प्रार्थना शिकतो, असे क्वचितच घडते.

हद्दपारीतून आलेल्यांत इवानागा माकी ही विशी ओलांडलेली तरुणी होती. १८७४मध्ये साथ आली, तेव्हा फादर द रोत्झ यांच्याबरोबर ती आणि तिच्या मैत्रिणी रोग्यांची शुश्रूषा करत फिरल्या. साथीने पोरके केलेल्या मुलांना त्यांनी घरी आणले. त्यातून अनाथालय उभे राहिले आणि पुढे स्त्रियांचा धर्मसंघ. चोकाता-मिझुकाता मात्र हळूहळू नामशेष झाले. गावागावांत फादर आले, बाप्तिस्मे चर्चमध्ये होऊ लागले, आणि दोनशे वर्षे मंडळी सांभाळणारी घराणी पुन्हा बाकावर जाऊन बसली. मला हे आजही खटकते.

सगळे मात्र बसले नाहीत. हिरादोजवळच्या इकित्सुकी बेटावर बरेच जण फादरांकडे परतलेच नाहीत. पूर्वजांनी जीव देऊन राखलेली रीत सोडणे त्यांना पटले नाही. जवळच्या नाकाएनोशिमा या खडकाळ बेटावर त्यांचे लोक मारले गेले होते, तिथल्या कपारीतले पाणी आणून त्यांचा बाप्तिस्मा होई. त्यांच्या सभांत साके आणि कच्चा मासा असे, त्यात भाकरी-द्राक्षारसाची छाया काही अभ्यासकांना दिसते. आता पदे घ्यायला तरुण मिळत नाहीत, काही गटांनी आपल्या वस्तू बेटावरच्या संग्रहालयाला देऊन टाकल्या. २०१८ साली युनेस्कोने नागासाकी परिसरातली छुप्या ख्रिस्त्यांची १२ स्थळे जागतिक वारशात घेतली. नाकाएनोशिमाचा खडक त्या यादीत आहे, आणि जिथे माणसे अजून ओराशो म्हणत होती ते इकित्सुकी नाही.