कीटकनाशके, गोगलगायी आणि तलावाचे पाणी

बेंगळूरुजवळील देवनहळ्ळी तालुका द्राक्षे आणि पपनस या फळांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात शेतांतील पाणी उतारावरून गावतलावांत येते आणि जनावरे तेच पाणी पितात. या पाण्याबरोबर फवारणीची औषधेही वाहत आल्यास केवळ पाणीच दूषित होत नाही, तर गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या रोगांनाही वाव मिळतो.

यांपैकी प्रमुख रोग म्हणजे शिस्टोसोमियासिस. रुग्णाच्या मलमूत्रातून या कृमीची अंडी पाण्यात जातात. त्यांतील अळ्या गोड्या पाण्यातील गोगलगायीत वाढतात व बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना प्रतिबंधक उपचारांची गरज होती. त्यांपैकी किमान ९० टक्के आफ्रिकेतील होते. प्राझिक्वांटेल हे औषध गुणकारी आहे, मात्र ते पुन्हा होणारा संसर्ग रोखत नाही.

कीटकनाशकाने गोगलगायीही मरतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अनेक कीटकनाशके त्या सहन करतात. बळी पडतात ते त्यांना खाणारे जलकीटक आणि कवचधारी जीव. क्लोरपायरीफॉसचा असा परिणाम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आला. खते आणि ॲट्राझिन या तणनाशकामुळे गोगलगायींचे खाद्य असलेले शेवाळही वाढले. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातील ४८ ठिकाणांच्या २०२० मधील अभ्यासातूनही कीटकनाशकांचे प्रदूषण या गोगलगायींना अनुकूल ठरत असल्याचे स्पष्ट झाले.

भारतात माणसांमधील हा रोग व्यापक नाही. तथापि, रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात त्याचे केंद्र असल्याची नोंद १९५२ मध्ये झाली होती. गुरांमध्ये मात्र याच कुळातील कृमी आढळतात. दक्षिण भारतात परिचित असलेल्या एका प्रकारात कृमी नाकातील रक्तवाहिन्यांत राहतात, नाकात गाठी येतात आणि जनावर श्वास घेताना घोरते. इंडोप्लॅनॉर्बिस ही गोगलगाय या कृमीची वाहक आहे. गुरांच्या अशा कृमींच्या अळ्यांमुळे पाण्यात काम करणाऱ्यांच्या अंगाला खाजही सुटते.

फवारणी पंप तलावात न धुणे, काठावर गवताचा पट्टा राखणे, पावसाच्या तोंडावर फवारणी टाळणे आणि घोरणाऱ्या जनावरावर पशुवैद्यकाकडून उपचार करून घेणे, हे उपाय प्रत्येक शेतकऱ्याच्या आवाक्यात आहेत. तलावातील मासे, कोळंबी आणि जलकीटक टिकले, तर गोगलगायींवर नैसर्गिक नियंत्रण राहते.